गव्हाची पेंढी आणि उडदाचे पापड

त्या सकाळी आमच्या घरात रोजचाच गोंधळ चालू होता. राजीव, म्हणजे आमचे हे, पेजर शोधत होते आणि तो त्यांच्याच पट्ट्याला लटकत होता. अस्मिताला उपमा नको होता, तिला 'समथिंग नॉर्मल' हवं होतं. मी एका हाताने तिच्या डब्यात ते नॉर्मल, म्हणजे पीनट बटरचं सँडविच, कोंबत होते आणि दुसऱ्या हाताने दुधाखालची आच कमी करत होते. तेवढ्यात दार वाजलं.

बेल नाही, दारच वाजलं. ठक ठक ठक, अगदी गावाकडे कडी वाजवावी तसं.

आमच्या अल्फारेटात, जॉर्जियातल्या या उपनगरात, फोन केल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. शेजारीणसुद्धा वाटीभर साखर मागायची तर आधी फोनच्या मशीनवर मेसेज ठेवते. त्यामुळे सकाळच्या वेळी दार वाजलं की आम्ही एकमेकांकडेच बघतो. राजीव म्हणाले, "बघ गं, कुणीतरी धर्मप्रचारक असेल. दार पूर्ण उघडू नकोस."

मी पूर्ण उघडलं. दारात ऐंशीच्या घरातली एक उंच, काटकुळी गोरी बाई उभी होती. डोक्यावर गवती हॅट, इस्त्रीचा निळा झगा आणि पायांत पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. हातात झिपवाली प्लास्टिकची पिशवी होती आणि ती तिने पोलीस पुरावा धरतात तशी दोन बोटांत लांब धरली होती.

"गुड मॉर्निंग, हनी," ती म्हणाली. तिचं इंग्रजी खास जॉर्जियातलं, पाकात बुडवून काढल्यासारखं. "पहिल्या दोन घरांत कुणी दार उघडलं नाही. तुमच्या दाराला ही आंब्याची पानं दिसली, म्हटलं इथे विचारावं. हे तुमच्यापैकी कुणाचं आहे का?"

पिशवीत उडदाचा पापड होता. कडेचा एक तुकडा मोडलेला.

मी तो बघताक्षणी ओळखला. एवढे जाडेभरडे मिरे घालून पापड लाटणारी अख्ख्या जॉर्जिया राज्यात एकच बाई होती.

"हा तुम्हाला कुठे सापडला?" मी विचारलं.

"माझ्या पणजीवर," ती म्हणाली.

मागून अस्मिताने सँडविचचा घास गिळला. "ममी, शी मीन्स द ग्रेव्हयार्ड. बिहाइंड द चर्च. एव्हरीबडी नोज दॅट."

दूध उतू गेलं.

आता गिरजाबाईंबद्दल सांगायलाच हवं. आमच्याच ओळीत, तीन दारं सोडून, देवानंद राहायचा. नागपूरचा मुलगा. सन दोन हजार उजाडल्यावर जगातले कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून जी मराठी पोरं झुंडीनं इकडे आली, त्यांतला एक. त्याची बायको उपासना एका लॅबमध्ये. दोघं सकाळीच दोन गाड्यांतून दोन दिशांना जायची. घरात उरायच्या देवानंदच्या आई, गिरजाबाई, आणि त्यांच्याच भाषेत सांगायचं तर एक मुका फ्रीज. "नागपूरचा आमचा फ्रीज घरघर तरी करते," त्या म्हणायच्या. "हा तर तोंड उघडल्याशिवाय आहे की नाही तेही समजत नाही."

सत्याण्णव सालच्या मार्चमध्ये त्या आल्या. पासष्टीच्या पुढच्या, ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. मला पहिल्या भेटीत "जय भीम" म्हणाल्या, मीही म्हटलं, आणि त्या क्षणापासून त्यांनी मला आपल्या माणसांत धरलं. मी त्यांना मावशी म्हणू लागले.

नागपुरातल्या इंदोऱ्याच्या वस्तीत त्यांचं आयुष्य गेलं. नवरा कापडगिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा तीन लेकरं शाळेत होती. गिरजाबाईंनी गल्लीतल्या बायका जमवल्या आणि पापड लाटायला घेतले. वाळवायला जागा म्हणाल तर घरात पाय पसरायला जागा नव्हती. पण वस्तीच्या मधोमध बुद्धविहार होता आणि विहाराला फरसबंद अंगण होतं. सकाळची वंदना झाली की त्या अंगणात प्लास्टिक अंथरलं जायचं आणि दुपारपर्यंत सगळं अंगण पापडांनी भरून जायचं. भन्तेजीसुद्धा चीवर सावरत कडेकडेने चालायचे. पाहुणे आले तर म्हणायचे, "जरा जपून, हे आमच्या पोरांच्या कॉलेजच्या फिया आहेत." त्यातलीच एक फी म्हणजे देवानंद.

प्रार्थनेची जागा ही वस्तीच्या कामाची जागा असते, हे गिरजाबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी पापडखार काढला. नागपुरातून आणलेल्या त्या पांढऱ्या पुड्यांवरून विमानतळावर कस्टमवाल्याने त्यांना बाजूला घेतलं होतं. त्याने पुडी उघडून वास घेतला, गिरजाबाईंनी त्याला चाखूनही दाखवली, आणि तो इतक्या जोराने शिंकला की त्याने हातानेच "जा, जा" केलं. डिकेटरच्या इंडियन दुकानातून उडदाचं पीठ आलं. पापड लाटून झाले. आता वाळवायचे कुठे?

घरामागच्या लाकडी डेकवर घातले तर खारी आल्या. इथल्या खारी मांजराएवढ्या असतात आणि त्यांना मिऱ्याचा ठसका लागत नाही. खारींचा बंदोबस्त होतो न होतो तोच कॉलनीच्या असोसिएशनची माणसं आली. डेकवर काही म्हणजे काही वाळत घालायचं नाही, कॉलनीची शोभा जाते. गिरजाबाईंनी उपासनाला विचारलं, "शोभा म्हणजे कोण? तिला म्हणा, मी पापड देईन तिच्या घरी."

पण खरी अडचण पापडांची नव्हती, चालण्याची होती. गिरजाबाईंना सकाळी चालायची सवय. आमच्या कॉलनीबाहेर पाऊल टाकलं की सरळ सहा पदरी रस्ता. फुटपाथ नाही. त्या एकदा कडेकडेने निघाल्या, तर पोलिसाची गाडी दिवे फिरवत मागून आली. इथे पायी चालणारा माणूस म्हणजे ज्याची गाडी बंद पडली तो. पोलीस बिचारा भला होता. त्याने त्यांना मागच्या सीटवर बसवून घरी आणून सोडलं. सगळ्या कॉलनीने खिडक्यांतून ते पाहिलं. त्यानंतर त्या दहा-बारा दिवस बाहेरच पडल्या नाहीत. एका संध्याकाळी मी गेले, तर सोफ्याच्या कडेला परक्यासारख्या बसल्या होत्या.

"वसुधा, देवानंदला म्हण, माझं तिकीट काढ," त्या म्हणाल्या. "लेक चांगला आहे, सून चांगली आहे. पण मला इथं डिक्कीत ठेवलेल्या सामानासारखं वाटते. कोणी गाडी काढली तर मी हलते."

देवानंद तिकिटाचं आज-उद्या करत राहिला. आणि एप्रिल सरता सरता गिरजाबाई एकाएकी खुलल्या. तिकिटाचं नाव निघेना. सकाळी दोघांच्या गाड्या गेल्या की त्या स्टीलची परात पदराखाली घेऊन निघायच्या आणि अकरा-साडेअकराला चेहरा लाल करून परत यायच्या.

"मावशी, जाता कुठे?"

"जागा सापडली," त्या म्हणायच्या. "इथंच मागं. कुंपणाला भगदाड आहे."

मला वाटलं, स्विमिंग पूलच्या मागचं सिमेंट असेल. आणि मग पापडांचा पूरच आला. आमच्याकडे, मराठी मंडळात, अर्विंगहून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगेत, बुद्धपौर्णिमेला जमलेल्या सगळ्यांच्या ताटात. असे एकसारखे वाळलेले पापड मी पुण्यातही खाल्ले नव्हते. खुसखुशीत, आणि कुठे डाग नाही की पोपडा नाही.

डाग सगळे पणजीवर पडले होते.

मिस लोरीन हॅम्ब्रिक, म्हणजे ती दारातली बाई, आमच्या स्वयंपाकघरात बसली आणि तिने सगळं सांगितलं. कॉलनीच्या मागे जुनं पांढरं लाकडी चर्च आहे. त्याच्या मागच्या अंगाला, बुटक्या दगडी भिंतीच्या आत, हॅम्ब्रिक घराण्याच्या कबरी आहेत. गेले काही आठवडे त्या संगमरवरावर तेलकट वर्तुळं उमटत होती. एकाशेजारी एक, ओळीने.

"आमच्या कमिटीतले पुरुष फार हुशार," मिस लोरीन म्हणाली. "ते म्हणाले, ही सैतानाची पूजा आहे. मिस्टर हॉलिसने तर वर्तुळांचा अर्थही लावला. टीव्हीवर पाहिलं होतं म्हणे. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर मीटिंग आहे. कुंपणाचं भगदाड बुजवायचं आणि फाटकाला कुलूप घालायचं."

"आणि तुम्हाला हा..."

"काल सापडला. वाऱ्याने उडून चर्चसमोरच्या दगडी देवदूताच्या पंखात अडकला होता. मी विचार केला, सैतान इतके मिरे खात असेल असं बायबलात कुठे नाही. म्हणून मी एक तुकडा खाऊन पाहिला."

"कच्चा?"

"मग कसा खातात?"

मी पापड तव्यावर भाजला. तो फुगून वर आला तशी मिस लोरीनने हॅट काढून मांडीवर ठेवली. तिने कणही न ठेवता पूर्ण पापड संपवला. राजीव कामावर जायचे सोडून दारात उभे होते.

"हनी," शेवटी ती म्हणाली, "मला या सैतानाला भेटायचंय."

आम्ही गेलो तेव्हा सैतान स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पीठ कुटत होता. गिरजाबाईंनी पाहुणीला बघून पदर सावरला, पाट पुढे सरकवला. मिस लोरीन पाटावर बसू शकली नाही, आणि तिला उभं ठेवून गिरजाबाई बसू शकेनात. म्हणून सगळ्या उभ्यानेच बोललो.

मी सांगितलं. आधी नीट मांडून, मग नुसतंच. त्यांना कळेपर्यंत मला तीनदा सांगावं लागलं.

"खाली माणसं आहेत?" गिरजाबाईंच्या हातातला बत्ता तसाच राहिला.

"हो मावशी."

"गेलेली?"

"हो."

"बाप्पा! काहून कोणी सांगितलं नाही मला? इतके दिवस मी त्यांच्या अंगावर..." त्या खाली बसल्या आणि लगेच उठल्या. "चाल. आधी तिथं चाल. या बाईंना विचार, येऊ का म्हणून."

मिस लोरीनला भाषांतराची गरज पडली नाही. तिने हॅट घातली.

कुंपणाच्या भगदाडातून आत गेलं की पहिल्यांदा एक जुना ओक लागतो. त्यापलीकडे ती जागा. मी इतकी वर्षं इथे राहून कधी गेले नव्हते. रस्त्याच्या बाजूला, चर्चसमोर, उभ्या पाट्यांच्या कबरी आहेत. त्या शाळेच्या बसमधून दिसतात, म्हणून अस्मिताला ठाऊक. पण गिरजाबाई मागून यायच्या, त्यांना त्या कधी दिसल्याच नाहीत. मागे होत्या फक्त कंबरेएवढ्या उंचीच्या मोठाल्या दगडी पेट्या. जॉर्जियाचाच पांढरा संगमरवर. वरचं झाकण एका अखंड सपाट फरशीचं, चारी बाजूंना कोरीवकाम. क्रूस एकावरही नाही. अक्षरं होती, पण पावसाने झिजलेली आणि इंग्रजी. वरून स्वच्छ ऊन.

"आता तूच सांग," गिरजाबाई माझा हात धरून म्हणाल्या. त्यांनी एका पेटीच्या कडेला बोट ठेवलं. तिथे गव्हाची भरगच्च पेंढी कोरली होती, एक-एक लोंबी मोजता येईल अशी. दुसऱ्या बाजूला द्राक्षाचा घड. कोपऱ्यात फळांची परडी. "गहू काढला आहे. द्राक्षं काढली आहेत. वर पाटासारखं सपाट. देवळाच्या अंगणात. मी म्हटलं, किती शहाणे लोक हे! वाळवणासाठी दगडी ओटे बांधून ठेवले, आणि कोणत्या ओट्यावर काय घालायचं ते बाजूला काढूनही ठेवलं, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी. फक्त एवढंच समजेना, की आता कोणी वापरत काहून नाहीत."

मी हे मिस लोरीनला सांगितलं. शब्दाला शब्द. ती ओकच्या बुंध्याला हात टेकवून इतकी हसली की मला तिची काळजी वाटली.

मग डोळे पुसून तिने सांगितलं. तिचे पूर्वज इंग्लंडातून आले. त्यांच्या गावच्या चर्चभोवती अशाच कोरीव पेट्या असत, घराण्याघराण्याच्या. पणजोबांचा भाऊ पाथरवट होता. त्याने इथे शेतात घर बांधण्याच्या आधी संगमरवर आणला आणि गावाकडच्यासारख्या पेट्या कोरल्या, म्हणजे मेल्यावर तरी ओळखीच्या जागी असल्यासारखं वाटेल. पिकलेली पेंढी अशासाठी, की ते माणूस भरल्या वयात गेलं. पीक तयार झालं, कापणी झाली.

"आणि माणूस पेटीत नसतो," ती म्हणाली. "तो खाली जमिनीत. पेटी वरची, नुसती मानाची. आत पोकळ."

मी मराठीत सांगितलं. गिरजाबाईंचा चेहरा जरा सैल झाला.

"म्हणजे ओटाच झाला की," त्या पुटपुटल्या. हे मी भाषांतर केलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "यांना म्हण, मला नावं वाचून दाखवा. कोणाची माफी मागायची ते माहीत तर पाहिजे."

मिस लोरीनने हॅट काढली. एकेका पेटीपाशी थांबून ती नाव वाचायची आणि ते कोण ते दोन शब्दांत सांगायची. जोसाया, पणजोबा, तापट. टॅबिथा, पणजी, नऊ लेकरांची आई. एझ्रा, पाथरवट, लग्न केलं नाही. गिरजाबाई हात जोडायच्या, नाव आपल्या जिभेवर बसेल तसं म्हणायच्या आणि म्हणायच्या, "चुकलं बरं माझं." टॅबिथापाशी त्या जास्त वेळ थांबल्या. "नऊ?" त्यांनी मला विचारलं. मग त्या दगडावरून हात फिरवला, जसा बाळंतिणीच्या पाठीवरून फिरवतात.

एक पेटी लहान होती. तिच्यावर देठापासून तुटलेली कळी कोरली होती.

"बेंजामिन," मिस लोरीन म्हणाली. "दोन वर्षांचा."

"याच्यावर मी काही नाही घातलं," गिरजाबाई झटकन म्हणाल्या. "कळी तुटलेली पाहिली, मला बरोबर नाही वाटलं."

शेवटची पेटी कोरी होती. कोरीव काम होतं, नाव नव्हतं. मिस लोरीनने तिच्यावर थाप मारली. "ही माझी. मी शेवटची. माझ्यानंतर हॅम्ब्रिक कुणी नाही, म्हणून वडिलांनी आधीच करून ठेवली."

गिरजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "सगळ्यात चांगले याच्यावर वाळतात," त्या हळूच म्हणाल्या. "दिवसभर ऊन असते."

"काय म्हणतात त्या?" मिस लोरीनने विचारलं.

मी क्षणभर विचार केला. "त्या म्हणतात, तुमची जागा सगळ्यात उबदार आहे."

"थँक गॉड," मिस लोरीन म्हणाली. "मला थंडी अजिबात सोसत नाही."

संध्याकाळी देवानंदला कळलं. मी त्यांच्याकडेच होते. त्याने टाय काढायला घातलेला हात तिथेच थांबला.

"आई, तू थडग्यांवर पापड वाळवलेस? माझी ग्रीन कार्डची फाइल आत आहे गं!"

"मग ती काढून वाळवू का?"

"जोक नाही आहे हा! पोलीस केस झाली तर? वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला."

उपासना सिंकपाशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. "देवा, ते बुद्धपौर्णिमेचे पापड," ती कशीबशी म्हणाली, "तुझ्या मॅनेजरने दोन डबे नेले ना रे?"

देवानंद खुर्चीत बसला. मग उठून आईसमोर उभा राहिला. "आता एक ऐक. तिकडे पाऊल टाकायचं नाही. त्या लोकांची जागा आहे. आपण जायचंच नाही."

गिरजाबाई इतका वेळ हसत होत्या. त्यांनी हातातली पिठाची परात खाली ठेवली.

"लहानपणी गावच्या विहिरीवर असंच सांगत," त्या म्हणाल्या. "तेव्हा सांगणारे दुसरे होते."

देवानंद आईच्या पायांशी जमिनीवर बसला आणि त्या परातीशी चाळा करत राहिला. पण दुसऱ्या दिवशी उपासनाचा फोन आला. "वहिनी, आईंनी परत तिकिटाचं काढलंय. बॅगसुद्धा माळ्यावरून काढायला लावली."

त्या आठवड्यात मात्र गिरजाबाई रोज तिथे गेल्या, कारण मिस लोरीन रोज न्यायला यायची. दोघींनी मिळून दगड साफ केले. गिरजाबाई डागांवर कोरडं पीठ पसरून तेल ओढून घ्यायच्या आणि मऊ फडक्याने पुसायच्या. मिस लोरीन घडीच्या खुर्चीवर बसून पाण्याचा कॅन धरायची. एकीला इंग्रजी येत नाही, एकीला मराठी. पण भगदाडापलीकडून मला दोघींचे आवाज यायचे, एकमेकींना मधेच तोडणारे. एकदा मी विचारलं, "मावशी, बोलता काय?"

"ती जोसायाची कागाळी करते," त्या म्हणाल्या. "मी आमच्या ह्यांची."

रविवार उजाडला. प्रार्थना संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये लांब टेबलांवर सगळ्यांनी आणलेले पदार्थ मांडले होते. तळलेलं चिकन, मक्याचा ब्रेड, थरथरणारी हिरवी जेली. त्यांच्या टोकाला गिरजाबाईंचा स्टीलचा डबा. आम्ही मागच्या रांगेत बसलो. देवानंद कोट घालून आला होता. मे महिन्यात.

मिस्टर हॉलिस उभे राहिले. गुबगुबीत, गंभीर गृहस्थ. सैतानाबद्दल बोलायचं त्यांनी टाळलं, पण कान लाल झाले होते. ते म्हणाले, गैरसमज झाला, तो मिटला, बाईंनी साफसफाई केली त्याबद्दल आभारच आहेत. पण प्रश्न तत्त्वाचा आहे. आज पापड, उद्या आणखी काही. भगदाड बुजवावं, फाटकाला कुलूप घालावं. किल्ली चर्चच्या ऑफिसात राहील, सभासदांना मागितली की मिळेल.

बोलता बोलता मागून कर्रकर्र आवाज येऊ लागला. डबा एका रांगेतून दुसऱ्या रांगेत फिरत होता आणि लोक चोरून खात होते. पापड चोरून खाता येत नाही.

"हॉलिस," मिस लोरीन म्हणाली, "माझ्या आईबापांना भेटायला मी तुझ्याकडे किल्ली मागायची? तुझे लंगोट मी बदललेले आहेत."

सगळा हॉल हसला. मिस्टर हॉलिसने रुमाल काढून मान पुसली. "मिस लोरीन, तुम्हाला आम्ही एक वेगळी किल्ली देऊ."

"आणि हिला?"

"त्या सभासद नाहीत, मॅम."

कुलपाच्या बाजूचे हात किती वर होतील ते मला मोजता येत होतं, आणि ते जास्त होते. मिस्टर हॉलिस माणूस वाईट नव्हते. त्यांनी आमच्याकडे वळून सौम्यपणे विचारलं, "मत घ्यायच्या आधी त्यांना काही सांगायचं आहे का?"

देवानंद आईच्या कानाशी लागला. "सॉरी म्हण आणि बस खाली."

गिरजाबाई उठल्या. चपला खुर्चीखाली काढून ठेवल्या आणि मधल्या वाटेने पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी भाषांतराला त्यांच्या मागे गेले. त्यांनी पदर खांद्यावर नीट केला. हात जोडले नाहीत, नुसते समोर धरले.

"सांग यांना," त्या मला म्हणाल्या, पण बघत होत्या लोकांकडेच. "ज्यांची माफी मागायची, त्यांची मी नाव घेऊन मागितली. पापड आता लोरीनबाईंच्या व्हरांड्यात वाळवणार, त्यांनी जागा दिली. तो विषय संपला."

मी सांगितलं. डबा कुठेतरी मधल्या रांगेत थांबला होता. आता काही वाजत नव्हतं.

"भगदाड नका बुजवू, फाटकाला कुलूप नका लावू. मला पायी जाता येते अशी इथं तेवढीच एक जागा आहे."